व्हिटुसचे बुडालेले सील

व्हिटुसच्या अंगावर जिथं जिथं काही कमी आहे तिथं एकेक गोष्ट आहे. डाव्या हाताची दोन बोटं वॉलरसच्या दोरीत गेली. ती गेल्याचं त्याला वॉलरस मरून नावेला बांधून झाल्यावर कळलं, तोवर कामच एवढं होतं. उजव्या कानाची पाळी त्याच्याच कुत्रीनं तोडली. ती नुकती व्यायली होती आणि हा पिल्लांना हात लावायला गेला, म्हणजे चूक माझीच, असं तो आजही कुणी न विचारता सांगतो. नाक मात्र मेव्हण्यानं मोडलं, आणि त्यात चूक कुणाची यावर आमच्या वस्तीत दोन तट आहेत.

मेव्हणा म्हणजे मासांती, व्हिटुसच्या बायकोचा धाकटा भाऊ. वस्तीनं त्याला एक बंदूक, एक बिल्ला आणि एक काम दिलंय. साखळीवेगळं कुत्रं दिसलं की गोळी घालायची. आमच्या पूर्व किनाऱ्यावरची कुत्री स्लेज ओढतात, गोठलेलं मांस हाडासकट खातात आणि माणसाला अन्नात धरायचं की नाही याबद्दल त्यांचं मत दर हिवाळ्यात बदलतं. सुटलेल्या कुत्र्यानं एखादं मूल फाडल्यावर नियम आठवून उपयोग नसतो. म्हणून मासांतीच्या कामाला कुणी नावं ठेवत नाही, आणि त्याला जेवायलाही कुणी बोलावत नाही.

काही वर्षांपूर्वी व्हिटुसचा म्होरक्या कुत्रा साखळी तोडून चर्चच्या पायरीवर जाऊन बसला. नुसता बसला होता, असं व्हिटुस म्हणतो. बसलेलं कुत्रं कधीतरी उठतंच, असं मासांती म्हणतो. गोळी लागली. व्हिटुसनं ते ऊन रक्ताचं धूड उचलून मासांतीच्या दारात आपटलं आणि पहिला ठोसा मारला. मासांतीचे पुढचे दात गेले, व्हिटुसचं नाक गेलं, आणि व्हिटुसच्या बायकोनं, तोमासिनानं, दोघांनाही एकाच पातेल्यातल्या गरम पाण्यानं पुसून काढलं. तिनं नवऱ्याची बाजू घेतली नाही की भावाची. पाणी दुसऱ्यांदा तापवायला लागू नये म्हणून जे काय मारायचंय ते आत्ताच मारून घ्या, एवढंच ती म्हणाली.

त्या कुत्र्याची मुलगी आता व्हिटुसच्या स्लेजची म्होरकी आहे. नाव काळी. व्हिटुस बायकोशी दिवसभरात जेवढं बोलतो त्याहून जास्त काळीशी बोलतो, आणि तोमासिनाला त्यात काही वावगं वाटत नाही, तिला तेवढीच शांतता.

आता समुद्र गोठेपर्यंत कुत्र्यांना काम नसतं, पण पोट असतं. बर्फ धरला की कुत्री माणसाला पोसतात, त्याआधी माणसानं कुत्र्यांना पोसायचं, असा आमचा हिशेब. आणि पोसायचं म्हणजे सीलच्या मांसानं. ते मिळालं नाही तर शिकारी स्वतःच एक दिवस बंदूक घेऊन घरामागच्या खडकांवर बांधलेली कुत्री मारायला जातो, आणि त्या दिवसापासून तो शिकारी राहत नाही, नुसती होडी उरलेला म्हातारा होतो. वस्तीत असे बरेच झालेत. दुकानापुढच्या बाकावर बसतात, कॉफी पितात आणि दुसऱ्यांच्या कुत्र्यांच्या पायांबद्दल बोलतात. व्हिटुसला त्या बाकाची जेवढी भीती वाटते तेवढी अस्वलाचीही वाटत नाही.

सील मारायची आमच्याकडे दोन ऋतूंत दोन रीती. उन्हाळ्यात सील रोडावलेला असतो आणि खाडीत बर्फ वितळून पाणी पातळ झालेलं असतं, त्यामुळं गोळी लागली की तो दगडासारखा खाली जातो. म्हणून उन्हाळ्यात आधी दोरीचा भाला मारायचा. दोरीच्या टोकाला फुगा, तो सीलला बुडू देत नाही. मग गोळी. शरदात मात्र सीलच्या अंगावर बोटबोट चरबी चढते, पाणी परत खारं आणि जड होतं, आणि मेलेला सील पाटासारखा तरंगतो. तेव्हा भाला कशाला? लांबूनच गोळी घाला, नाक शिंकरा, मग सावकाश नाव न्या. व्हिटुस उभा जन्म शरदाची वाट पाहत आलेला माणूस. त्याचा नेम वस्तीत पहिला, आणि भाला मारायला मात्र जवळ जावं लागतं, थांबावं लागतं, श्वास धरावा लागतो. त्याचे वडील कयाकमधून बारा महिने आधी भालाच मारायचे. व्हिटुसला ते घाबरटपणाचं वाटायचं. वडिलांचा सीलच्या कातड्याचा फुगा दाराच्या वर खिळ्याला टांगलाय, वाळून तडकलाय.

या वर्षी सप्टेंबर सरला तसा त्यानं भाला छपराच्या वाशांत खोचून ठेवला आणि नुसती बंदूक घेऊन निघाला.

पहिला सील खाडीच्या तोंडाशी दिसला. गुबगुबीत, मानेला वळ्या पडलेल्या. व्हिटुसनं डोक्यात गोळी घातली. कवटी फुटल्याचा टक असा आवाज पाण्यावरून परत आला, लाल डाग पसरला, आणि व्हिटुसनं सवयीप्रमाणं नाक शिंकरलं. वर बघतो तो सील नाही. त्यानं नाव दामटली, लांब दांड्याचा आकडा पाण्यात खुपसला, मागच्या चपट्या पायाला लागला, निसटला. लाल धुरात एक फिकट पोट उलटं होत होत खाली गेलं.

त्याला वाटलं, सील आजारी असेल. दुसरा गेला तेव्हा वाटलं, गोळी फुप्फुसात लागली. तिसरा गेल्यावर त्यानं बंदुकीला शिव्या घातल्या, मग सीलला, मग हिमनदीला. हिमनदी त्या वर्षी शरदातसुद्धा थांबायला तयार नव्हती. खाडीच्या टोकाला तिचे घरांएवढे कडे कोसळत होते आणि तोफेसारखे आवाज वस्तीपर्यंत येत होते. पाऊस पडायच्या दिवसांत पडला आणि न पडायच्या दिवसांतही पडला. खाडीचं पाणी दुधात राख कालवल्यासारखं.

घरामागं कुत्री हाडं चघळायची, मग साखळ्या चघळायची. एका सकाळी तोमासिनानं पाहिलं तर एका कुत्र्याचा कान दुसऱ्याच्या तोंडात होता, आणि कानाचा मालक तीन हात लांब रक्त चाटत बसला होता.

"समुद्र बर्फ धरेपर्यंत ही टिकायची नाहीत," ती म्हणाली.

"टिकतील."

"मासांतीला सांगू का? त्याच्याकडं वाळलेले मासे आहेत."

"मासांतीचे मासे खाण्यापेक्षा एकमेकांना खाल्लेलं बरं."

"तेच चाललंय," तोमासिना म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.

त्याच सकाळी दुकानापुढच्या धक्क्यावर मासांती भेटला. बाकावरची मंडळी होतीच. मासांतीला तोंड बंद ठेवता येतं, पण प्रेक्षक असले की येत नाही.

"काय दाजी," तो म्हणाला. "ऐकलं, यंदा तुम्ही समुद्रालाच जेवू घालताय."

व्हिटुस त्याला वळसा घालून जायला निघाला.

"नाही, चांगलंय. खालच्या मुशींना दुवा द्यायला कुणीतरी हवं. फक्त तुमची काळी परवा साखळी ओढताना दिसली. खुंटी हललीय तिची. सांगून ठेवतो, मागाहून म्हणाल सांगितलं नाही."

व्हिटुसनं उजवा हात मारला. पाच बोटांचा तोच आहे. मासांती माशांच्या पेट्यांवर पडला, उठला तो एक पेटी हातात घेऊन, आणि ती त्यानं व्हिटुसच्या डोक्यावर फोडली. पुढं जे झालं त्यात दोघांची चाळिशी उलटलीय हे कुठंच दिसलं नाही. मासांतीचा अंगठा व्हिटुसच्या डोळ्यात, व्हिटुसचा गुडघा मासांतीच्या पोटात, दोघांखाली माशांचा चिखल आणि त्यात रक्त. बाकावरच्या एकानं कॉफीचा पेला जपून बाजूला घेतला.

तेवढ्यात कुणीतरी व्हिटुसचा शाबूत असलेला कान पकडला आणि असा पिळला की तो गुडघ्यांवर आला.

"सोड त्याला," एक पोरीचा आवाज म्हणाला. "लाज वाटत नाही? नातवंडं खेळवायच्या वयाचा झालास."

"आई," व्हिटुस कळवळून म्हणाला, "त्यानं सुरुवात केली."

ती यूस्तिना. पंचवीस-सव्वीस वर्षांची, नारिंगी जाकिटात. व्हिटुसची आई यूस्तिना ज्या हिवाळ्यात गेली त्याच हिवाळ्यात ही शेजारच्या घरी जन्मली आणि नाव हिला लागलं. आमच्याकडं नाव लागलं की माणूस लागतो. व्हिटुस तेव्हा बाप्या माणूस, तरी पाळण्यापाशी जाऊन म्हणाला होता, आई, मी आलोय. पहिल्या सीलचं काळीज तिला, पहिले हातमोजे तिला. चार वर्षांची असताना तिनं त्याला दारू पिऊन आल्याबद्दल घराबाहेर उभं केलं होतं आणि तो उभा राहिला होता. पुढं ती शिकायला राजधानीला गेली आणि आता समुद्र मोजणाऱ्या लोकांच्या जहाजावरून आली होती.

मासांती ओठ पुसत उठला. थोरली यूस्तिना जिवंत असताना तिनं त्याला एकदा वल्ह्यानं बडवलं होतं, त्यामुळं या धाकटीसमोरही तो जरा अंग चोरूनच उभा राहतो.

"मावशी, मी फक्त नियम सांगत होतो."

"तू घरी जा," यूस्तिना म्हणाली. "आणि तोंडाला बर्फ लाव."

मग तिनं व्हिटुसला बाजूला घेतलं. जहाज बाहेरच अडकलं होतं, खाडीचं तोंड हिमनगांच्या तुकड्यांनी गच्च भरलेलं. आत जाऊन पाणी मोजायचं तर लहान नाव हवी, आणि त्या तुकड्यांतून वाट काढणारा माणूस हवा.

"मला सील हवाय," व्हिटुस म्हणाला. "मोठा. नाहीतर मला कुत्री मारावी लागतील."

"काळीला?"

"काळीला आधी. नाहीतर ती बाकीच्यांना मरताना बघेल."

"वाटेत दिसला तर थांबू," ती म्हणाली. "भाला घे."

"आई, आता शरद आहे."

"भाला घे म्हटलं ना."

त्यानं मान हलवली, आणि घेतला नाही. आईचं सगळं ऐकायचं असतं, पण शिकारीतलं ऐकायचं नसतं, असा त्याचा समज.

खाडीच्या मध्यावर तिनं नाव थांबवायला लावली. दांड्याच्या चरखीवरून तार सोडत तिनं एक पोलादी नळकांडं पाण्यात उतरवलं. ते खाली जाताना पाण्याचं मीठ आणि ऊब मोजतं, आणि तिच्या मांडीवरच्या यंत्राच्या पडद्यावर रेघ उमटते. व्हिटुस बंदूक मांडीवर घेऊन चौफेर बघत होता. तिनं कॉफीचा पेला काठावरून बुडवला आणि त्याच्यापुढं धरला.

"पी."

तो प्यायला. थांबला. पुन्हा एक घोट घेतला.

"ह्यात तर सूप करता येईल," तो म्हणाला. "मीठ घालावं लागेल उलट."

"हिमनदीचं पाणी आहे. हलकं. खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं बसलंय. पूर्वी या दिवसांत वारा आणि भरती ते ढवळून टाकायची. आता हिमनदी थांबतच नाही. तुझा सील चरबीनं तरंगतो ना, तो खाऱ्या पाण्यावर तरंगतो. ह्याच्यावर नाही तरंगत."

व्हिटुस पेल्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे बंदूक बरोबर होती."

"बंदूक बरोबर होती. तू चुकलास."

"आणि तुमचं जहाज इतक्या लांबून हे सांगायला आलं?"

"नाही." ती तार सोडत बोलत होती, नजर पडद्यावर. "बाहेर, मोठ्या समुद्रात, हिवाळ्यात बर्फावरचा वारा पाण्यावर जातो. खारं पाणी गार झालं की जड होतं आणि बुडतं. तळाला जातं. मग तळातळानं सरपटत दक्षिणेला, पार जगाच्या दुसऱ्या टोकाला. ते गेलं की त्याच्या जागी वरून ऊबदार पाणी इकडं येतं. कुणीतरी मोठी चादर ओढतंय असं समज. आता हे गोडं पाणी तिथं पसरतंय. गोडं पाणी कितीही गार केलं तरी पुरेसं जड होत नाही. बुडत नाही. वरच बसून राहतं आणि खालच्यालाही अडवतं."

"मग चादर ओढणं थांबलं?"

"मंदावलंय असं पुष्कळांना वाटतं. किती, ते नक्की माहीत नाही. तेच मोजतोय. पूर्ण थांबलं तर कुठं थंडी पडेल, कुठं पाऊस चुकेल, लांबलांबचे लोक उपाशी राहतील."

व्हिटुस पाण्यात थुंकला. सकाळच्या मारामारीचं रक्त अजून येत होतं.

"म्हणजे आई, तुझं पाणी बुडत नाही म्हणून तू रडतेस, आणि माझे सील बुडतात म्हणून मी. आणि दोघांचा चोर एकच."

"हो," ती म्हणाली. "हसू नकोस. डोळा फुटेल, आधीच सुजलाय."

तो हसायच्या बेतात असतानाच पलीकडचा हिमनग वळला. आधी काही आवाज आला नाही. चर्चच्या तिप्पट उंचीचा तो डोंगर नुसता एका अंगाला कलला, जणू झोपेत कूस बदलतोय, आणि खालून निळी, गुळगुळीत, कधी उजेड न पाहिलेली बाजू वर आली. मग आवाज आला, सगळ्या खाडीचं हाड मोडल्यासारखा. व्हिटुसनं नावेचं तोंड लाटेकडं फिरवलं. लाट आली ती बर्फाच्या शिळा घेऊन आली. नाव उभी राहिली, यूस्तिना काठावरून निम्मी बाहेर गेली, व्हिटुसनं तिला जाकिटाला धरून आत ओढलं. तार सुटली, चरखीचा दांडा गरगरत फिरला आणि त्याच्या जबड्यावर बसला. दात तुटल्याचं त्याला जिभेनं कळलं. शिळा नावेच्या बाजूवर आपटली, फळी तडकली, पाणी आत आलं. दुसरी लाट. तिसरी लहान होती.

यूस्तिना पाणी उपसत होती, तिच्या तळहाताला तारेनं चर पडला होता. व्हिटुसनं दात पाण्यात थुंकला.

आणि तेव्हा तो दिसला. दाढीवाला सील, वासराएवढा, हिमनगानं बिथरून वर आलेला, लांब मिशा ताठ करून त्यांच्याकडेच बघत. त्या एका सीलमध्ये अख्ख्या स्लेजचा महिना होता.

"थांब," यूस्तिना म्हणाली. "जवळ जाऊ दे. भाला—"

तिनं नावेत नजर फिरवली आणि भाला नाही हे तिला कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात व्हिटुसच्या खांद्यानं आपलं काम केलं होतं. हात विचारत नाहीत. गोळी मिशांच्या वर लागली. मोठं डोकं मागं उडालं, रक्ताचा फवारा पाण्यावर पडला, आणि वासराएवढं ते शरीर हळू, अगदी हळू, त्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेलं.

व्हिटुस बंदूक धरून उभाच राहिला. त्याच्या तोंडातून रक्त हनुवटीवर आलं, ते त्यानं पुसलं नाही. यूस्तिनानं त्याला कधी असं पाहिलं नव्हतं, आणि थोरल्या यूस्तिनानंही पाहिलं नसावं.

"बंदुकीत अजून गोळ्या आहेत," तो म्हणाला. "घरी चल. काळीला पुरतील."

"बस खाली."

"आई—"

"बस म्हटलं ना." तिनं पडदा त्याच्यासमोर धरला. रेघ वरून सरळ खाली येत होती आणि एका जागी एकदम आडवी वळली होती. "हे बघ. इथवर गोडं पाणी. साधारण चर्चच्या उंचीइतकं. त्याखाली एकदम खारं, जड. तुझा सील गोड्यापेक्षा जड आहे, पण त्या खाऱ्यापेक्षा हलका. तो तळाला जाणार नाही. तिथं जाऊन थांबेल, फरशीवर पडावा तसा."

"पाण्याला कुठली आलीय फरशी?"

"गळ टाक."

खोल पाण्यातल्या चपट्या माशांसाठीचा जाड दोर आणि मोठे गळ नावेत होते. व्हिटुसनं विश्वास न ठेवता गळ सोडले, चर्चच्या उंचीइतके, आणि नाव रक्ताच्या डागाभोवती फिरवत राहिला. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत दोर जड झाला. तळ लागल्याचं जडपण वेगळं असतं, हे मऊ होतं. तो ओढू लागला आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं.

मग दोराला हिसका बसला.

"मेलेला हिसका देत नाही," व्हिटुस म्हणाला.

सील वर आला तो एकटा आला नाही. मागच्या निम्म्यावर एक करडी, खरबरीत, नावेच्या लांबीची मुशी, आमच्या थंड पाण्यातला शार्क, चिकटली होती, डोळ्याच्या जागी किड्यांची दोरी लोंबत असलेली, आणि ती घाई न करता, डोकं वळवत वळवत, सील करवतत होती. व्हिटुसनं एका हातानं दोर धरला आणि दुसऱ्यानं तिच्या डोक्यात गोळी घातली. तिला ते कळलंच नाही. दुसरी घातली. यूस्तिनानं आकडा तिच्या कल्ल्यात घुसवला, मुशीनं अंग झटकलं, आकड्याचा दांडा यूस्तिनाच्या बरगडीत बसला आणि ती खाली बसली. व्हिटुस दोर नावेच्या खुंटीला बांधून काठावरून पोटावर झुकला आणि सुरा डोक्यामागं, कण्यात, मुठीपर्यंत खुपसला. फिरवला. पुन्हा खुपसला. मुशीचं तोंड उघडमीट करत राहिलं, दातांत चरबीची पट्टी. सुऱ्याची मूठ रक्तानं निसटत होती, त्यानं ती दोन्ही हातांनी धरली, आणि आठ बोटांनी जेवढं जमतं तेवढं कापत राहिला. शेवटी तिची शेपटी पडली.

"माझा सील खाते," तो दम खात म्हणाला. "माझा. सील."

अर्धा सील नावेत घेतला, मुशी मागं बांधली. यूस्तिना बरगडी धरून हसायचा प्रयत्न करत होती. "फरशी सापडली ना," ती म्हणाली. व्हिटुस म्हणाला, "सापडली. पण फरशीवर भाडेकरू होता."

किनाऱ्यावर आल्यावर सील तोमासिनानं तडक घरात नेला. मुशी वाळूवर राहिली. तिचं मांस ताजं असताना विष असतं, हे आमच्याकडं रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं. फाडून, टांगून, वारा खाऊ घालून महिन्यांनी ती कुत्र्यांना चालते. व्हिटुसनं पोट चिरलं, वाफ निघाली, वास वर खडकांवर गेला. एवढा विचार त्यानं करायला हवा होता. पण दात तुटलेला, डोळा सुजलेला, आणि मोठा सील घरात पडलेला, माणूस जरा खुशीत येतोच.

वर काळीनं साखळीला एकदा हिसका दिला. खुंटी हललेली होतीच. ती निघाली आणि सगळ्यांची साखळी एकच होती.

सगळी कुत्री एकदम खाली आली, साखळी मागं खणखणत, एकमेकांच्या अंगावरून. व्हिटुसनं वल्हं उचललं आणि मारत सुटला. एकाच्या पाठीत वल्हं मोडलं, कुत्र्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. एक त्याच्या मांडीला चावला, तो केवळ मध्ये आला म्हणून. मुशीच्या पोटात डोकी गेली ती लाल होऊन बाहेर आली आणि परत आत गेली. भुकेल्या तोंडांतून मांस काढून घ्यायला त्यानं हात घातला, तो रक्तबंबाळ झाला.

थोड्या वेळानं पहिलं कुत्रं अडखळलं. मग दुसरं. पाय फाकले, डोकी लोंबली, एक गोल गोल फिरलं आणि बर्फाच्या तुकड्यावर तोंड आपटून पडलं. एकाला उलटी झाली, ते तिच्यावरच झोपलं. किनारा म्हणजे पगाराच्या दिवशीचं दारूचं दुकान झाला.

मासांती बंदूक घेऊन उतरून आला. ओठ अजून सुजलेला, बिल्ला लावलेला.

"साखळी सुटलीय," तो म्हणाला.

"सुटलीय," व्हिटुस म्हणाला. तो वाळूत बसला होता, मांडीतून रक्त.

"साखळीवेगळं कुत्रं दिसलं की—"

"साखळी आहे की त्यांच्याबरोबर. आणि पळणार कुठं? उभी तरी राहतायत का?"

मासांतीनं बघितलं. एक कुत्रं त्याच्या बुटावर येऊन पडलं आणि घोरायला लागलं. मासांतीनं बूट हळूच सोडवून घेतला.

"नियमात प्यालेल्या कुत्र्यांचं काही नाही," तो शेवटी म्हणाला आणि बंदूक खाली केली.

पण काळी सगळ्यांच्या आधी पोचली होती, आणि काळजाजवळचं तिनं खाल्लं होतं. ती एका कुशीवर पडून चारही पाय ताणत होती, सैल सोडत होती, परत ताणत होती. तोंडाला फेस, त्यात रक्त. डोळे उघडे. व्हिटुस तिच्याजवळ सरकला आणि तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसला. तिनं त्याची बोटं धरली, चावायला की चाटायला ते तिलाही समजत नसावं. आकडी पुन्हा आली. या वेळी गेली नाही.

व्हिटुसनं बंदुकीकडं हात नेला. त्यानं तो परत मांडीवर ठेवला.

"मासांती," तो म्हणाला.

मासांती थांबला. व्हिटुसनं त्याला नावानं हाक मारून वर्षं झाली होती.

"तू कर."

"दाजी, माझ्या हातून तिचा बाप गेलाय."

"म्हणूनच. तुला येतं. एका गोळीत."

यूस्तिनानं व्हिटुसचं डोकं स्वतःच्या जाकिटाशी धरलं, आई धरते तसं, तिच्यापेक्षा दुप्पट वयाचं डोकं. गोळी एकच झाली.

बाकीची दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली, ओकली, ओशाळली आणि भुंकू लागली. तोमासिनानं त्यांना अर्धा सील जपून जपून घातला. मासांती कुणी न सांगता वाळलेल्या माशांची पेटी दारात ठेवून गेला, आणि व्हिटुसनं ती कुणी न बघता आत घेतली. तेवढ्यावर काही दिवस निघणार होते. समुद्र धरायला त्याहून जास्त लागणार होते.

यूस्तिना निघाली तेव्हा तिनं जहाजावरचा एक पिवळा प्लास्टिकचा फुगा व्हिटुसच्या नावेत टाकला. "आजोबांचा तडकलाय," ती म्हणाली. म्हणजे व्हिटुसच्या वडिलांचा. मग तिला आठवलं की ती कोण आहे, आणि तिनं सुधारलं, "माझ्या नवऱ्याचा." व्हिटुसला हसू आलं, जबडा दुखला.

त्यानं वाशातला भाला काढला. तीन दिवस किनाऱ्यावरच्या रिकाम्या डब्यावर फेकत बसला, आणि बाकावरची मंडळी मुद्दाम बाक उचलून तिथं आणून बसली.

"जवळ गेलं तर लागेल, दाजी," मासांती ओरडला.

"तुझ्याच जवळ येतो," व्हिटुस म्हणाला.

चौथ्या दिवशी तो एकटा निघाला. राखी पाण्यात एक डोकं वर आलं. बंदूक हाताशी होती, नेम सोपा होता, आणि खांदा आपोआप उठायला लागला. त्यानं तो दातांनी धरावा तसा धरून ठेवला. वल्हं न वाजवता नाव पुढं सरकू दिली. थांबला. श्वास धरला. सील खाली गेला, वर आला, जवळ, इतका जवळ की मिशांवरचे थेंब दिसत होते. व्हिटुसनं भाला सोडला.

तो खांद्यात घुसला. दोरी सुं सुं करत गेली, पिवळा फुगा नावेतून उडाला, पाण्यावर आपटला, ओढला गेला, बुडाला, आणि परत वर आला. पुन्हा बुडाला, पुन्हा वर आला. त्याच्याभोवती पाणी लाल व्हायला लागलं.

मग व्हिटुसनं बंदूक उचलली.